मदत हवी आहे: व्हिडिओ बघून रॉड उचलायला लागलेय, नवख्याने कोणाचं ऐकावं?

नमस्कार मंडळी,

वय ३८, मुक्काम सांगली, काम दिवसभर खुर्चीत बसून. तीन महिन्यांपूर्वी घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. ट्रेनरने पहिल्याच दिवशी दोन किलोचे गुलाबी डंबेल्स हातात दिले आणि ट्रेडमिलकडे बोट दाखवलं. "मॅडम, तुम्हाला वेट कमी करायचंय ना?" मला वेट कमी नाही करायचंय हो, उचलायचंय. आमच्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या राष्ट्रकुलात २४८ किलो उचलून रौप्य घेऊन आला, सोनं एका किलोने हुकलं, तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. (त्याचं ते स्नॅच, क्लीन अँड जर्क माझ्या आवाक्यातलं नाही, एवढं कळतं. खांद्यावर रॉड घेऊन बैठक म्हणजे स्क्वॉट, जमिनीवरून रॉड उचलणं म्हणजे डेडलिफ्ट, बाकावर उताणं पडून रॉड ढकलणं म्हणजे बेंच आणि डोक्यावर रॉड ढकलणं, एवढ्यावर मी खूश.)

मग शिकले मोबाईलवरून, आणि तिथेच घोळ झालाय. एक म्हणतो, स्क्वॉटला गुडघे बोटांच्या पुढे गेले की गुडघ्यांची वाट लागली. दुसरा म्हणतो, जाऊ देत खुशाल. एक म्हणतो पाच बाय पाच करा (पाच रेप्सचे पाच सेट; एकदा उचललं की एक रेप), आठवड्यातून तीनदा, दर वेळी अडीच किलो वाढवा. दुसऱ्याचं वेळापत्रक सहा दिवसांचं: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, आणि प्रत्येक सेट हात लटलटेपर्यंत. दोघांच्याही खाली "सर, तुमच्यामुळे आयुष्य बदललं" म्हणणाऱ्यांची रांग.

मी पाच बाय पाच धरलं. स्क्वॉट बरं चाललंय, ४० किलोपर्यंत आलेय. डेडलिफ्टला मात्र व्हिडिओत सांगतात तसं नडगीला रॉड टेकवून, पाठ सरळ ठेवून वाकायला जावं, तर पाठ सरळ राहतच नाही. आरशात बघितलं तर कासव. गेल्या आठवड्यात शेवटच्या सेटला कमरेत चमक भरली. चार दिवस बाथरूममधली बादली उचलायलाही नवऱ्याला हाका मारत होते आणि तो दर वेळी "वेटलिफ्टर, आलो हं" म्हणून यायचा.

तर जाणकारांनो, हा सल्ला माझ्यासाठी आहे की नाही, हे मी कशावरून ओळखू? "ट्रेनरला विचारा" म्हणू नका, डंबेल्सचा रंग वर सांगितलाच आहे.

– रॉडवाली


बैठकवीर:
ताई, आधी एक सांगा. चमक खाली पायात उतरतेय का, मुंग्या किंवा बधिरपणा आहे का? असेल तर इथलं वाचणं थांबवा आणि डॉक्टर गाठा.

नसेल तर टेप घेऊन जमिनीपासून रॉड किती उंच आहे ते मोजा. व्हिडिओत ज्या मोठ्या प्लेटा दिसतात त्या ४५ सेंमी व्यासाच्या असतात, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर येतो. आपल्याकडच्या लोखंडी दहाच्या प्लेटा त्यापेक्षा बऱ्याच लहान. रॉड पार घोट्याजवळ येतो. तिथवर वाकून पाठ सरळ ठेवणं मला वीस वर्षांत जमलेलं नाही. दोन्ही बाजूंना खाली आडव्या प्लेटांची चळत लावा नाहीतर स्टेपर ठेवा, रॉड साडेबावीसला आणा आणि निम्म्या वजनाने परत सुरू करा.

गुडघ्यांचं म्हणाल तर तालमीत बैठका मारताना ते पुढे जातातच. मुद्दाम मागे धरले तर गुडघ्यावरचा ताण थोडा उतरतो हे खरं, पण धड पुढे झुकतं आणि तो ताण खुबा-कमरेवर जाऊन बसतो. मांड्या लांब असतील तर पुढे जाणारच. दुखत नाही ना? मग सोडा.

लोखंडी_पोहे:
बैठकवीरकाकांशी सहमत. मी त्या रांगेबद्दल बोलतो.

नवख्याला पहिले काही महिने काहीही केलं तरी फायदा होतो. स्नायू वाढायच्या आधीच ताकद वाढते, कारण आहेत तेच स्नायू नीट कामाला लावायला शरीर शिकत असतं. त्यामुळे "मला फरक पडला" याला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. चुकीच्या वेळापत्रकानेही पडला असता. सहा दिवसवाला स्वतः दहा वर्षं उचलतोय, त्याचं वजन दर खेपेला वाढणं केव्हाच बंद झालंय, म्हणून त्याला एवढे उपद्व्याप करावे लागतात. तुमचं अजून वाढतंय तर तीन दिवसच करा. आणि लटलटेपर्यंत वगैरे नको, विशेषतः बेंचवर एकट्या असाल तेव्हा. दोनेक रेप्स शिल्लक असताना रॉड ठेवून द्यायचा.

मी स्वतः एवढंच बघतो की माणूस रिकाम्या रॉडपासून शिकवतोय का, आणि वजन अडकलं तर काय करायचं हे सांगतोय का. हे दोन्ही गाळून थेट पावडरच्या डब्यावर आला की मी पुढे सरकतो.

अजून एक. अडीच किलो वाढवा म्हणणाऱ्याच्या जिममध्ये सव्वाच्या प्लेटा असतात. तुमच्याकडे सगळ्यात लहान अडीचची असेल तर दोन्हीकडून मिळून पाच वाढतात. स्क्वॉटला चालून जाईल, डोक्यावर ढकलताना आठवड्याभरात अडकाल. आणि ते ४० किलो मोजलेत कसे? रॉड २० चा धरलात का?

रॉडवाली:
दोघांचेही खूप आभार. कळ पायात जात नाहीये, आता दुखतही नाही.

आज टेप नेला होता. रॉड जमिनीपासून १४ सेंमीवर! तीन-तीन प्लेटांची चळत लावून हलक्या वजनाने केलं, तर कासव गायब.

आणि हो, रॉड २० चाच धरला होता. वजनकाट्यावर नुसती ६१, रॉड खांद्यावर घेऊन ७०. म्हणजे माझे ४० हे २९ निघाले. ट्रेनर मागे उभा राहून बघत होता. "मॅडम, रॉड वीसचाच असतो, काटा बिघडलाय," म्हणाला. मग कोणी बघत नाहीये असं वाटल्यावर स्वतः रॉड घेऊन काट्यावर चढला. त्याचा बेंच शंभरचा आहे म्हणे. होता.

सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी सांगली-मिरजेत कुठे मिळेल?