मदत हवी आहे: 'डेक्कन' म्हणजे नेमकं काय? पाटी छापायची आहे, अर्जंट

बाळीवेस_०७: एका जुन्या कागदाशेजारी लावायला इंग्रजी पाटी करायची आहे. कागदावर 'डिस्ट्रिक्ट शोलापूर' आहे आणि वर मथळ्यात 'डेक्कन'. मी 'डेक्कन स्टेट, साउथ इंडिया' असं लिहिलंय. बरोबर आहे का? आधी 'द' लावायचा का? फ्लेक्सवाला थांबलाय, लवकर सांगा की ओ.

कागदपत्रे: साल कोणतं? कागद कसला? त्याशिवाय काय सांगणार?

पेठकर: डेक्कन म्हणजे पुण्यातला जिमखान्याचा स्टॉप. रिक्षावाल्याला विचारा 😄

हुरडा_पार्टी: शब्द 'दक्षिण'वरून आलाय. प्राकृतात दक्खिण, फारसीत दकन, इंग्रजांच्या तोंडी डेक्कन. नर्मदेच्या खालचा सगळा मुलूख. साउथ इंडिया चालेल, छापा.

कागदपत्रे: अजिबात नको. आज साउथ इंडिया वाचल्यावर माणसाला चेन्नई आठवते, करमाळा नाही. नर्मदेपासूनचा अर्थ भूगोलाच्या पुस्तकातला. मुंबई इलाख्याच्या कारभारात डेक्कन म्हणजे घाटावरचा देश. कोकण त्यात नाही. आणि 'डेक्कन स्टेट' तर साफ चूक. डेक्कन स्टेट्स म्हणजे संस्थानं, त्यांच्यावर देखरेख करणारी इंग्रजांची एजन्सी १९३३ची. अक्कलकोट त्यात येतं, सोलापूर जिल्हा नाही. साल सांगा हो!

बाळीवेस_०७: १८९३. कोर्टाचा हुकूमनामा आहे, सावकाराच्या कर्जाचा. गाव करमाळा तालुक्यात. मथळ्यात 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स' असं काहीतरी आहे, पुढचं फाटलंय.

कागदपत्रे: हे आधी सांगायचं ना! ते ठिकाणाचं नाव नाही, कायद्याचं आहे: डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट, १८७९. १८७५ला पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर आलेला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांना लागू होता. रोख्यावरचा आकडा तसाच धरायचा नाही, मूळ कर्ज किती आणि व्याज किती चढवलं हे कोर्टाने उकरून काढायचं. म्हणून पाटीवर डेक्कन फक्त कायद्याच्या नावात, पत्त्यात नाही.

हुरडा_पार्टी: मग पत्त्यात काय, महाराष्ट्र?

कागदपत्रे: १८९३ साली? महाराष्ट्र राज्य १ मे १९६०चं. बॉम्बे स्टेटही नको, ते १९५०पासून. तेव्हा बॉम्बे प्रेसिडेन्सी, म्हणजे मुंबई इलाखा.

चादरवाला: आणि सोलापूर लिहा, शोलापूर नको. इंग्रजांनी बिघडवलेलं नाव आपण कशाला मिरवायचं?

कागदपत्रे: कागदावरचा मजकूर उतरवताना एसनंतरचा एच ठेवायचाच. १८८४च्या गॅझेटियरच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथाच्या, विसाव्या खंडावरही शोलापूरच आहे. एच काढला तर जुन्या सूचीत शोधणाऱ्याला कागद सापडणार नाही. तुमच्या स्वतःच्या वाक्यात सोलापूर लिहा.

चादरवाला: एकाच पाटीवर दोन स्पेलिंग? लोक म्हणतील छपाईची चूक.

कागदपत्रे: म्हणून 'आता सोलापूर' हे शब्द शेजारी हवेत.

सिद्धरामेश्वर_भक्त: सोळा गावं मिळून सोलापूर झालं, हे पाटीवर जरूर टाका.

हुरडा_पार्टी: ते ऐकीव आहे ओ. सिद्धरामेश्वरांच्या वेळचं नाव सोन्नलगी.

सिद्धरामेश्वर_भक्त: सोन्नलगी होतंच, पण सोळा गावं खोटी कशावरून?

बाळीवेस_०७: ते नंतर भांडा. 'द'चं सांगा!

कागदपत्रे: प्रदेश म्हणून एकटा आला तर द लागतो: 'फेमिन इन द डेक्कन'. दुसऱ्या नामाला चिकटला तर त्याचा स्वतःचा द नाही: 'अ डेक्कन व्हिलेज'. 'द डेक्कन डिस्ट्रिक्ट्स'मधला द डिस्ट्रिक्ट्सचा. तुमची ओळ अशी: 'कोर्ट डिक्री, १८९३, अंडर द डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट, १८७९. करमाळा तालुका, शोलापूर डिस्ट्रिक्ट, बॉम्बे प्रेसिडेन्सी. नाऊ सोलापूर, महाराष्ट्र.' अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्सच्या एसनंतर वरचा स्वल्पविराम येतो, फ्लेक्सवाले तो हमखास खातात.

बाळीवेस_०७: पाठवली. तो म्हणतो ओळ लांब आहे, महाराष्ट्र उडवू का?

कागदपत्रे: नको. अक्षर बारीक करायला सांगा.