मदत हवी आहे: यूकेत कम्युनिकेशन्सची वर्षभराची प्लेसमेंट, मध्येच बदलावी का?

शब्दांकिता

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. इंग्लंडमध्ये कम्युनिकेशन्सचं दोन वर्षांचं एम.ए. करतेय. पहिलं वर्ष वर्गात, दुसरं प्रत्यक्ष कामावर, यालाच इथे प्लेसमेंट म्हणतात. त्या कामाचा शेवटी अहवाल द्यायचा आणि त्याला मार्क असतात. जागा आपली आपण शोधायची. नाही मिळाली तर अभ्यासक्रम वर्षाचाच राहतो आणि व्हिसाही आखूड होतो. म्हणून उत्तरेकडच्या एका शहराच्या कौन्सिलने (आपली महापालिकाच म्हणा) घेतलं तेव्हा घरी पेढे वाटले होते.

सप्टेंबरपासून त्यांच्या संपर्क विभागात आहे. मुलाखतीत सांगितलं होतं की प्रेस ऑफिस, मोहिमा, अंतर्गत संवाद असं सगळीकडे फिरवू. ज्या मॅडमनी निवडलं त्या नोव्हेंबरात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी अजून कुणी नाही, आणि मी उरले कचऱ्यापुरती. ख्रिसमसच्या आठवड्यात कोणत्या रस्त्यावरची बिन (घराबाहेर ठेवायचा कचऱ्याचा डबा) कधी उचलणार, बर्फामुळे आज कोणती गाडी येणार नाही, या पोस्ट. न दिसणाऱ्यांसाठी फोटोंना पर्यायी मजकूर (फोटोत काय आहे ते शब्दांत) लिहायचा, पीडीएफ स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नीट वाचली जाते का ते बघायचं. आणि खाली चिडलेल्या लोकांना दिवसभर एकच उत्तर: तुमचा पोस्टकोड मेसेज करा. बिन राहिली की लोक काय लिहितात ते इथे देत नाही, संपादक धागा उडवतील.

आता मँचेस्टरच्या एका छोट्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीने विचारलंय, मार्चपासून ये म्हणून. खाण्यापिण्याचे आणि कपड्यांचे ब्रँड आहेत त्यांच्याकडे. पगाराचं 'बघू' म्हणाले.

तर प्रश्न असे. मध्येच जागा बदलली तर व्हिसाला काही होतं का? पुढे पुण्या-मुंबईत काम करायचंय, तिथे एजन्सीच्या अनुभवाला जास्त वजन आहे का? आणि नाहीच बदललं, तर अहवालात लिहू काय? बिन?

लीड्सकर

आधी एक गोष्ट: विद्यापीठाशी बोलल्याशिवाय राजीनाम्याचा मेल टाकू नकोस. तुझा व्हिसा विद्यापीठाच्या स्पॉन्सरशिपवर आहे, कौन्सिलच्या नाही. प्लेसमेंट अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी मंजूर केलीय, त्यामुळे नवी जागाही त्यांनीच मंजूर करायची आणि होम ऑफिसला (व्हिसा बघणारं इथलं गृहखातं) कळवायची. जुनी सोडली आणि नवी नामंजूर झाली तर तू अधांतरी. यापुढचं मी सांगणार नाही. या देशात इमिग्रेशनचा सल्ला देण्यावर कायद्याने बंधन आहे, नोंदणी नसलेल्या माणसाने तो द्यायचा नसतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा, हेच त्यांचं काम आहे. फेसबुक ग्रुपवरच्या दादांना विचारू नकोस.

दुसरं, ते पगाराचं 'बघू'. उच्च शिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या, एक वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला इथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. इतर कामगाराला ठरलेलं किमान वेतन द्यावंच लागतं, तुला त्याहून कमी दिलं तरी ते बेकायदा ठरत नाही. आकडा लेखी आल्याशिवाय मँचेस्टरला घर शोधायला लागू नकोस.

कव्हरेजकुमारी

पुण्यात पीआर एजन्सीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. अगं, एजन्सीतल्या ज्युनिअरचा दिवस सांगू? पत्रकारांच्या याद्या अपडेट करायच्या. प्रेस नोट पाठवली की प्रत्येकाला फोन: 'सर, मेल मिळाला का?' संध्याकाळी कात्रणं गोळा करून कव्हरेज डॉसियर. त्यात बातमीच्या जागेला जाहिरातीचा दर लावून 'इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली' असा आकडा. ही मोजणी बिनकामाची आहे हे प्रसिद्धीचं मोजमाप करणाऱ्या जगभरच्या मंडळींनी २०१० मध्ये बार्सिलोना तत्त्वं म्हणून ठरवलेल्या नियमांत लिहून ठेवलंय, तरी क्लायंट मागतोच आणि आम्ही देतोच. मँचेस्टरला डॉसियर इंग्लिश असेल, एवढाच फरक.

एजन्सी वाईट नाही. अनेक क्लायंट बघायला मिळतात, डेडलाइनची सवय लागते. पण मुलाखती मी घेते म्हणून सांगते: ब्रँडची नावं ऐकून आम्ही मान डोलावतो आणि पुढे विचारतो, 'यातलं तू काय केलंस?' सहा महिन्यांत तिथे तुझ्या वाट्याला स्वतंत्र काही येईल असं मला वाटत नाही.

जुना माहितीवाला

मी जिल्हा माहिती कार्यालयात होतो, आता निवृत्त. सरकारी प्रसिद्धीला लोक नाकं मुरडतात, पण इथे शिकण्यासारखं एक आहे ते खासगीत मिळत नाही: सत्तेत कोण आहे याच्याशी संबंध न ठेवता लोकांना माहिती कशी द्यायची. आमच्याकडे आचारसंहिता लागली की मंत्र्यांचे फोटो झाकायला धावपळ व्हायची, लोकराज्य या शासनाच्या मासिकाच्या अंकावरही नजर असायची. तिकडे मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी स्थानिक निवडणुका असतात. तुमच्या कौन्सिलची यंदा असेल तर त्याआधीचे काही आठवडे प्रसिद्धीवर बंधनं येतील. कोणत्याही पक्षाला पाठिंबा मिळावा अशी प्रसिद्धी पालिकेने करू नये, हे तर तिकडच्या १९८६ च्या कायद्यातच आहे. त्या काळात प्रेस ऑफिसरच्या शेजारी बसायला मिळालं तर सोडू नका. कोणता फोटो जातो, कोणता थांबतो आणि थांबवताना नगरसेवकाला काय सांगतात, हे ऐका.

बिनधास्त

नाव बघून हसू नका, मी खरंच मिडलँड्समधल्या एका कौन्सिलच्या रिसायकलिंग विभागात आहे. शब्दांकिता, तू ज्याला बिनच्या पोस्ट म्हणून नाक मुरडतेयस ते या वर्षी इंग्लंडमधल्या कौन्सिलांचं एक मोठं संपर्काचं काम आहे. ३१ मार्च २०२६ पासून घराघरातला अन्नाचा कचरा दर आठवड्याला वेगळा उचलायचाय. काही कौन्सिलांना मुदतवाढ मिळालीय, तुमचं काय ते आधी विचार. पण जिथे सुरू होणार तिथे हजारो घरांची स्वयंपाकघरातली सवय बदलायचीय. घंटागाडीच्या काळात ओला-सुका वेगळा करायला आपल्या आयांना किती दिवस लागले ते आठव. लागले ना? मग तो अनुभव इथे तुझ्या टीममध्ये दुसऱ्या कुणाकडे आहे?

आता काय करायचं ते सांगतो. तुमच्या कचरा विभागात जा, स्वतःहून. संपर्क विभागात बसून हे कळणार नाही. ज्या रस्त्यांवर चुकीचा कचरा जास्त येतो ते तिथल्या सुपरवायझरला तोंडपाठ असतात. बहुधा विद्यार्थ्यांची भाड्याची घरं, जिथे दर उन्हाळ्यात माणसं बदलतात, आणि फ्लॅटच्या इमारती, जिथे सगळ्यांची एकच बिन आणि जबाबदार कुणीच नाही. उर्दू, पोलिश बोलणारे मोहल्ले असतील तर छापील इंग्लिश पत्रक सरळ बिनमध्येच जातं, तेही चुकीच्या.

या कामातला एक छोटा तुकडा माग. कचऱ्याच्या गाडीच्या दोन फेऱ्या निवड, शक्यतो सारख्या वस्तीच्या. एकीकडे नेहमीचं पत्रक, दुसरीकडे तू केलेलं: चित्रं जास्त, शब्द कमी, खरकटं, चहाचा चोथा, हाडं, सालं. गाड्यांचं वजन काट्यावर होतंच, ते आकडे माग. 'माझी बिन उचलली नाही' म्हणून कॉल सेंटरला आलेले फोन आधी किती, नंतर किती, तेही. मग इथल्या सरकारी संपर्क सेवेची ओएसिस नावाची चौकट आहे तिच्यात मांड: उद्दिष्ट, लोक कोण, धोरण, अंमलबजावणी, मोजमाप. फरक पडला नाही तरी चालेल, का पडला नाही ते लिही. परीक्षकांना तेच वाचायला आवडतं.

आणि तो पर्यायी मजकूर, पीडीएफ तपासणं. सार्वजनिक संस्थांच्या वेबसाइट सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत असा इथे २०१८ चा नियम आहे. हे नीट येणारी माणसं कमी असतात. रेझ्युमेवर लिही, लपवू नकोस.

लीड्सकर

बिनधास्तला अनुमोदन. भर एवढीच: प्लेसमेंटच्या सुरुवातीला विद्यापीठ, कौन्सिल आणि तू अशा तिघांनी सही केलेला करार असेल, त्यात काय शिकायला मिळणार ते लिहिलेलं असतं. तो काढ. रजेवरच्या मॅडमच्या जागी कोण हा प्रश्न तुझ्या ट्यूटरने विचारला तर उत्तर लवकर मिळतं.

शब्दांकिता

सगळ्यांचे मनापासून आभार. माहितीवाल्या काकांचं आणि बिनधास्तचं वाचून आज दुपारी कचरा विभागात जाऊन आले. आमच्याकडे मुदतवाढ नाही, ३१ मार्चपासूनच गाड्या सुरू. सुपरवायझर म्हणाले की पत्रक छापायला गेलंय, पण फ्लॅटच्या इमारतींसाठी वेगळं काही केलेलंच नाही, करतेस का? हो म्हणून बसलेय.

करारात 'प्रेस ऑफिसमध्ये किमान दोन महिने' असं चक्क लिहिलंय. तो ट्यूटरला पाठवलाय, पुढच्या आठवड्यात ते इकडे येणार आहेत. एजन्सीला पगार आणि कामाचं स्वरूप लेखी मागितलं, अजून उत्तर नाही. ते आलं तरी आता मन फारसं तिकडे नाही, पण ट्यूटरशी बोलेपर्यंत नकार कळवत नाही.

एक शेवटचं: गाड्यांचं वजन, फोनचे आकडे हे अहवालात आणि नंतर पुण्यातल्या मुलाखतीत दाखवलेले चालतात का?

बिनधास्त

अहवालासाठी मॅनेजरची लेखी परवानगी घे, मेलवर चालेल. बाहेर दाखवताना रस्त्यांची नावं काढ, टक्केवारी ठेव. रहिवाशांच्या तक्रारींचे स्क्रीनशॉट मात्र अजिबात नकोत, नाव झाकलं तरी नको. आणि फ्लॅटवाल्यांचं पत्रक लिफ्टच्या दारावर लाव, पत्रपेटीत टाकू नकोस.