शेकरू आधी ऐकू येतं
सॅक पाठीवर टाकून दोघंच जंगलात गेलो तर प्राणी दिसतात का, असं कुणीतरी विचारलंय. आम्ही नवरा-बायको ठाण्याहून पहाटेच्या कर्जत लोकलने निघून खांडसमार्गे गणेश घाटाने भीमाशंकर चढलो होतो. (शिड्या चढाव्या लागतात त्या अवघड शिडी घाटाला बायकोने साफ नकार दिला, बरंच झालं.) वरच्या झाडीत खडखड झाली. माकडं असतील म्हणून मी पुढे निघालो, तर तिने बाही ओढली. शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार! अंगापेक्षा लांब शेपटी, मागच्या पायांनी फांदीला लटकून निवांत फळ कुरतडत होतं. फोटो सगळे हलले. मेअखेरीस मुक्काम केलात तर काजवेही दिसतील. बिबट्याच हवा असेल तर तो आमच्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलातच आहे, त्यासाठी सॅक कशाला भरायची?