स्पेनने सौरदराची २५ वर्षांची हमी मोडली, ते मोडणं कोर्टात कसं टिकलं?

मेगावॉट : स्पेनमध्ये २००७ च्या ६६१ क्रमांकाच्या शाही अध्यादेशाने सौरविजेला २५ वर्षांचा दर बांधून दिला होता. २०१३ मध्ये तो चालू प्रकल्पांचाही काढून घेतला. आंध्रात २०१९ मध्ये सरकारने पवन-सौर दर कमी करायला घेतले, तेव्हा उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये करारातलाच दर द्यायला लावला. मग स्पेनमध्ये वेगळं का घडलं?

तारमार्ग : फरक कागदाचा. आंध्रात वितरण कंपनीच्या सहीचा वीजखरेदी करार होता. स्पेनमध्ये दर फक्त अध्यादेशात, आणि वरचा १९९७ चा वीज कायदा हमी देत होता ती 'वाजवी परताव्याची', आकड्याची नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. २०१४ च्या नियमांत वाजवी म्हणजे दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा सरासरी व्याजदर अधिक ३ टक्के, करपूर्व ७.३९८ टक्के. तोही प्रकल्पाच्या पूर्ण आयुष्यावर, त्यामुळे आधी जास्त मिळालेलं पुढच्या रकमेतून वळतं झालं. जुन्या दरावर कर्जाचे हप्ते बांधलेले तिथेच अडकले.

इन्व्हर्टर : आखणीच चुकलेली होती. १०० किलोवॉटपर्यंत युनिटला ४४ सेंट, त्यावर १० मेगावॉटपर्यंत सुमारे ४२. मग ५ मेगावॉटचं सौरशेत कागदावर पन्नास तुकड्यांचं. २०१० चं लक्ष्य ३७१ मेगावॉट. ते ८५ टक्के भरल्यावरही जुन्या दराला वर्षभर मुदत, म्हणून सप्टेंबर २००८ पर्यंत झुंबड उडाली आणि त्या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त मेगावॉट लागले. जर्मनीत नव्या प्रकल्पांचा दर दरवर्षी उतरायचा, इथे ती पायरीच नव्हती.

तारमार्ग : पण दर काढून घेतले ते वीजक्षेत्रातल्या तुटीपायी, आणि ती तूट एकट्या सौरची नव्हे. २००० नंतर दोन्ही मोठ्या पक्षांच्या सरकारांनी ग्राहकाचं बिल खर्चापेक्षा कमी ठेवलं. २०१३ पर्यंत साचलेली तूट २५ अब्ज युरोंच्या वर गेली. परदेशी गुंतवणूकदार ऊर्जा सनद कराराखाली, म्हणजे परदेशी ऊर्जा गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, लवादात गेले. बचत घातलेल्या स्पॅनिश कुटुंबांना ती वाट नव्हती, खरा अन्याय त्यांच्यावर झाला.

मेगावॉट : मग आपल्या करारात काय तपासावं?

इन्व्हर्टर : दराला वीज नियामक आयोगाची मंजुरी, 'कायद्यातील बदला'चं कलम (नियम बदलले तर भार कोणाचा ते), आणि बँकेचं पतपत्र, म्हणजे वितरण कंपनीने बिल थकवलं तर बँक पैसे देईल ही हमी, किती महिन्यांच्या बिलाचं आहे ते. पतपत्राकडे दुर्लक्ष नको. आंध्रातल्या उत्पादकांना शेवटी निकाल मिळाला, पण २०१९ च्या अंतरिम आदेशाने तोवर युनिटला पवनसाठी २.४३ आणि सौरसाठी २.४४ रुपयेच ठरले होते.