मेडिआचा रथ काढून घेतला, आणि म्हणे सबळ स्त्री!

रंगवेडी:
ग्रीक पुराणातल्या बायकांना आजच्या काळात आणणाऱ्या नाटकांचं फार कौतुक होतं. मला उलटंच दिसतं. ग्रीक नाटककार युरिपिडीसची मेडिआ (इ.स.पू. ४३१) नवऱ्याने, जेसनने, दुसरा घरोबा केला म्हणून पोटची दोन्ही मुलं मारते आणि सूर्याच्या रथातून निघून जाते. कुणी तिचं काही वाकडं करू शकत नाही. मरीना कार यांनी तीच कथा 'बाय द बॉग ऑफ कॅट्स'मध्ये (१९९८) आयर्लंडच्या दलदलीत नेली. तिथली हेस्टर मुलीचा गळा चिरते आणि स्वतःलाही संपवते. ओनीलच्या 'मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा'मधली (१९३१) क्रिस्टीन, म्हणजे ग्रीक कथेतली नवऱ्याला मारणारी क्लायटेम्नेस्ट्राच, तीही स्वतःवर गोळी झाडते. गुन्हा केलेली बाई शेवटी मेलीच पाहिजे, हे आधुनिक?

खट्याळ:
क्लायटेम्नेस्ट्राला मूळ ग्रीक नाटककार एस्किलसनेही कुठे सोडलंय? पोटचा पोरगाच मारतो. तिला कुठला रथ आला होता?

सुमेधा_क:
रथाचं एवढं कौतुक नको. सूर्य मेडिआचा आजोबा. माहेर भक्कम, म्हणून सुटली! हेस्टर भटक्या जमातीतली, गावाने वाळीत टाकलेली. सात वर्षांची असताना आई सोडून गेली, हेस्टर जन्मभर तिची वाट बघत राहिली. शेवटी हेस्टर जीव द्यायला निघते, तेव्हा तिची सात वर्षांचीच मुलगी जोसी 'मलाही ने' म्हणून रडते. आपल्यासारखी वाट बघत पोरीने झुरू नये म्हणून ती सुरी चालवते. यात सूड नाहीच. मला तरी हे मूळ नाटकापेक्षा भयंकर वाटतं.

रंगवेडी:
तेच म्हणतेय. लहानपणीचं दुःख जोडलं की बाई कीव करण्याजोगी होते. मेडिआ मुलांकडे बघून कचरते, मागे फिरते, पुन्हा ठरवते. आपण काय करतोय ते तिला पक्कं कळतं. प्रेक्षकाला सोयीचं कारण ती देत नाही.

खट्याळ:
म्हणूनच त्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेत युरिपिडीस शेवटचा आला असेल :)

जुना_प्रेक्षक:
राजाची आज्ञा मोडून भावाला पुरणाऱ्या अँटिगनीला विसरलात. 'द आयलंड'मध्ये (१९७३) दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगातले दोन कैदी ती उभी करतात. विग आणि खोटी छाती लावलेल्या विन्स्टनला बघून सोबती खो खो हसतो. शेवटी विन्स्टन विग भिरकावून स्वतःच्या नावाने बोलतो.

सुमेधा_क:
नाटक जबरदस्त, पण विगबरोबर बाईही गेली की! हेस्टर निदान शेवटपर्यंत रंगमंचावर असते.

रंगवेडी:
मरायला.