बल्बचा रेझिस्टन्स गणितात ८८२ ओहम, मीटरवर ६३. चुकतंय कोण?

हिशेबनीस

मुलीला विजेचा धडा शिकवायला बसलो आणि स्वतःच अडकलो. मी हिशेबाच्या कामातला माणूस. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की मला झोप येत नाही.

घरात तारेचा जुना बल्ब आहे. काचेवर छापलंय २३० व्होल्ट, ६० वॅट. पोरीने गणित चोख केलं. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे करंट, ०.२६१ अँपियर. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, साधारण ८८२ ओहम. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला वॅटने भागलं, तरी तेच.

म्हटलं मल्टिमीटर आहेच, खात्री करून टाकू. बल्ब होल्डरमधून काढला, मीटर ओहमवर ठेवला. आकडा आला ६३. प्रोब एकमेकांना टेकवून पाहिले, ०.३ दाखवतो, म्हणजे मीटर बरा आहे. सेलही बदलला. तरी ६३. चौदा पटींचा फरक आहे हो, पैशापाईचा नाही!

मुलगी म्हणते पुस्तक चुकलं. मी म्हणतो छाप खोटा. पण ६३ खरे धरले तर २३० व्होल्टला ३.६५ अँपियर आणि ८४० वॅट होतात. एवढ्यात तो बल्ब केव्हाच उडायला हवा होता.

आता बल्ब पेटलेला असतानाच त्याच्या टोकांना मीटर लावून ओहम मोजावेत असं डोक्यात आहे. कुणी केलंय का?

वाइंडर

आधी शेवटच्या वाक्याचं बोलतो. असलं काही करू नका. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या सेलमधून चिमूटभर करंट सोडतो आणि त्यावरून आकडा काढतो. बाहेरून २३० आलं तर आकडा तर खोटा येईलच, वर मीटर जाईल, आणि हात प्रोबवर तुमचा असेल.

आता हिशेब. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त दोन वेगवेगळ्या तारखांची शिल्लक तुम्ही एकमेकांशी जुळवताय. ६३ ही थंड तारेची, ८८२ ही पेटलेल्या तारेची. बल्बमधली तार टंगस्टनची. पेटल्यावर ती साधारण अडीच हजार अंश सेल्सियसला जाते. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि एवढा तापला की बारा-पंधरा पट होतो. मीटरच्या चिमूटभर करंटने ती तार कोमटसुद्धा होत नाही.

आणि ते ८४० वॅट खोटे नाहीत बरं का. बटण दाबल्या क्षणी तार थंडच असते, त्यामुळे तेवढा ओढा खरोखर होऊ शकतो. पण सेकंदाच्या काही शतांश भागात तार तापते, रेझिस्टन्स चढतो, करंट आपोआप खाली येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जायचे, ते यावरून कळेल.

हीटरची कॉइल मोजून बघा, अर्थात प्लग काढून. १००० वॅटला गणितात ५२.९ ओहम येतात, मीटरही पन्नासच्या आसपास दाखवेल. ती तार नायक्रोमची असते, तापली तरी फारशी बदलत नाही. पोरीला शिकवायला हीटर घ्या, बल्ब नको!

कंदील

मी एलईडी बल्बला मीटर लावला. काहीच दाखवत नाही. मग त्याचा रेझिस्टन्स अनंत का? 🙂

वाइंडर

एलईडीच्या आत नुसती तार नसते, अख्खं सर्किट असतं. त्याला ओहम लावण्यात अर्थ नाही. मोटारीचंही तसंच. मी रिवाइंडिंगच्या कामात सुरुवातीला फसलो होतो. अर्ध्या एचपीच्या मोटारीचं वाइंडिंग ८ ओहम निघालं, वर्ग करून भागलं तर साडेसहा हजार वॅट! उस्ताद हसले. एसीवर कॉइलचं चुंबकत्वच करंटला अडवतं, ते मीटरच्या ओहममध्ये दिसत नाही. वर्गाचं सूत्र निव्वळ तापणाऱ्या वस्तूंसाठी ठेवा.

फळा-खडू

एक भर घालते, मी भौतिकशास्त्र शिकवते. व्होल्टेज भागिले करंट ही रेझिस्टन्सची व्याख्या आहे, ती कधीच खोटी ठरत नाही. ओहमचा नियम वेगळा: तापमान कायम असेल तर हा भागाकारही कायम राहतो. ‘तापमान कायम असेल तर’ हे शब्द मुलं पाठ करतात आणि गणित करताना विसरतात. खुद्द ओहमला स्थिरतेची फार गरज होती. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज हलायचं, म्हणून त्याने दोन धातूंचे जोड वापरले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. त्या फरकातून स्थिर व्होल्टेज मिळालं. नियम पुस्तकरूपाने आला १८२७ मध्ये.

हिशेबनीस

झोप लागली एकदाची. २३० च्या वाटेला गेलो नाही. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब आणि व्होल्टेज कमीजास्त करता येणारा सप्लाय घेतला. मीटर अँपियरवर ठेवून बल्बच्या ओळीतच जोडला. मुलीने नोंदी केल्या:

३ व्होल्ट, ०.८२ अँपियर, ३.७ ओहम.
६ व्होल्ट, १.२ अँपियर, ५ ओहम.
१२ व्होल्ट, १.७५ अँपियर, ६.९ ओहम.

थंड असताना जेमतेम अर्धा-पाऊण ओहम.

तिनेच एक गोष्ट पकडली. व्होल्टेज निम्मं केलं तर वॅट पाव व्हायला हवेत, म्हणजे सव्वापाच. आले ७.२, एक तृतीयांशाच्या थोडे वर. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, कमी तापल्यामुळे रेझिस्टन्सही उतरला ना, म्हणून करंट निम्म्यापेक्षा जास्त.

वाइंडर

पोरीला सांगा, बरोबर. आणि मीटरची लाल प्रोब अँपियरच्या भोकातून काढून ठेवली का? तशीच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट.

हिशेबनीस

आत्ता उठून काढली.