ऑर्कनीच्या (स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं) वेस्ट्रे बेटावर कोणी गेलंय का? मदत हवी आहे

आम्ही एडिनबरात राहतो, जूनमध्ये आईबाबा येतायत आणि बाबांना स्कॉटलंडचे किल्ले नकोच आहेत, त्यांना ऑर्कनीतलं वेस्ट्रे बघायचंय. तिथे पिअरोवॉल गावाजवळ लिंक्स ऑफ नॉल्टलँड म्हणून जागा आहे, वाऱ्याने वाळू उडून जायला लागली आणि खालून अश्मयुगीन घरं निघाली, एका घराच्या भिंतीच्या पायात तर चक्क गायीबैलांच्या कवट्या रचलेल्या!! २००९ साली तिथेच ती जेमतेम ४ सेंटीमीटरची दगडी बाहुली सापडली, ‘वेस्ट्रे वाइफ’.

तर प्रश्न असा की साइटवर आता खरंच काही बघायला मिळतं का, की सगळं परत झाकलंय? बाहुली आणि नक्षीचा पिअरोवॉल स्टोन गावातल्या हेरिटेज सेंटरमध्ये आहेत, ते रविवारी उघडं असतं का? कर्कवॉलहून फेरीने दीड तास लागतो, पण रॅपनेसला उतरून गावापर्यंत बस मिळते की गाडी न्यावीच लागेल? शेजारच्या पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हॉवरची साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं पण करायचीयत, आईचे गुडघे दुखतात, किती चालावं लागतं? वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला जाणारं दोन मिनिटांचं ते फेमस विमान बाबांनी आधीच फायनल केलंय 😄